गोव्यातल्या मुली, ८३८ चा आकडा आणि आमचा चुकलेला तक्ता

सुरंगी (३० जून, रात्री ९.१०)

नमस्कार. मी फोंडा तालुक्यात अकरावी-बारावीला गणित शिकवते. काल सांख्यिकी दिन झाला, संख्याशास्त्रज्ञ महालनोबिसांचा जन्मदिवस. दरवर्षी मुलांकडून तक्ते करून घेते. यंदा विषय दिला होता ‘आकड्यांतला गोवा’.

चार मुलींच्या गटाने मुलींच्या जन्मावर तक्ता केला. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या चौथ्या फेरीत गोव्यात हजार मुलग्यांमागे ९६६ मुली जन्मल्याची नोंद होती, पाचव्या फेरीत ८३८. दोन्ही आकडे पाहणीच्या आधीच्या पाच वर्षांतल्या जन्मांचे. मुलींनी दोन स्तंभ काढले, एक हिरवा, एक लाल, आणि खाली रिकामा पाळणा. मला तो तक्ता इतका आवडला की दारासमोरच लावला.

संध्याकाळी पालक आले. एक बाई त्या लाल स्तंभासमोर बराच वेळ उभ्या होत्या. त्यांची धाकटी आमच्याकडे अकरावीत आहे, थोरली नर्सिंग करते. मला म्हणाल्या, “टीचर, आमच्या गांवांतूय हें जाता?” (आमच्या गावातही हे होतं का?)

मला उत्तर देता आलं नाही. हो म्हटलं असतं तर त्यांच्या शेजारणींवर आळ आला असता. नाही म्हटलं असतं, तर मग तक्ता कशाला लावला?

घरी येऊन फोटो पुन्हा पाहिला तेव्हा आणखी एक गोष्ट लक्षात आली. मुलींनी उभा अक्ष ८०० पासून सुरू केला होता. त्यामुळे ९६६ चा स्तंभ १६६ एवढा उंच आणि ८३८ चा फक्त ३८. डोळ्याला वाटतं, मुली चौथ्या हिश्शावर आल्या. प्रत्यक्षात घट १३ टक्क्यांची. अक्ष कुठून सुरू होतो ते आधी बघा, असं मीच वर्गात सांगत असते, आणि मीच ते न बघता तक्ता भिंतीवर चढवला. काल रात्री झोप लागली नाही.

तर जाणकारांना दोन गोष्टी विचारायच्या आहेत. ८३८ वर किती भिस्त ठेवावी? आणि तक्ता पुन्हा काढून त्याच पालकांसमोर लावायचा आहे, तो कसा काढावा?

पावसाळी (रात्री ९.३२)

महत्त्वाचा धागा. वाचतोय.

शून्य_एक (रात्री १०.१५)

सुरंगीताई, मी पाहण्यांच्या कामात काही वर्षं काढली आहेत, म्हणून लिहितो.

जनगणना म्हणजे मोजणी. कुटुंब आरोग्य पाहणी म्हणजे नमुना. पाचव्या फेरीत गोव्यात साधारण १,८५० घरं आणि दोन हजारांच्या आसपास बायका होत्या. त्याच पाहणीत गोव्याचा एकूण जननदर, म्हणजे एका बाईला आयुष्यात सरासरी होणारी मुलं, १.३ आला. मग या दोन हजार बायकांची पाच वर्षांतली बाळंतपणं किती असतील? ढोबळ हिशेबाने चारशेच्या आसपास. (हा माझा अंदाज आहे, अहवालातली संख्या नव्हे.)

चारशे जन्मांत ८३८ चं प्रमाण म्हणजे १८२ मुली आणि २१८ मुलगे. निसर्गात दर १०० मुलींमागे साधारण १०५ मुलगे जन्मतात, म्हणजे हजारी ९५० मुली. त्या हिशेबाने चारशेत १९५ मुली नि २०५ मुलगे हवे होते. तुमच्या पाळण्याचा सगळा भार या १३ मुलींवर आहे.

आता नाणं चारशे वेळा उडवून पाहा. छापे नेमके दोनशे पडत नाहीत. दहा कमी, दहा जास्त हे अगदी रोजचं. वीसहून जास्त फरकसुद्धा वीस खेपांत एकदा पडतो. म्हणजे १३ चा फरक नुसत्या योगायोगानेही येऊ शकतो. ८३८ च्या जागी प्रामाणिकपणे लिहायचं तर ‘सुमारे ६९० ते १०२० च्या मध्ये कुठेतरी’ असं लिहावं लागेल. तुमचा ९६६ सुद्धा त्याच पट्ट्यात बसतो. शिवाय पाहणीत घरं सुटी सुटी निवडत नाहीत, गाव किंवा वॉर्ड निवडून त्यातली घरं घेतात, त्यामुळे हा पट्टा प्रत्यक्षात अजून थोडा रुंदच असणार.

उत्तर प्रदेशासारख्या राज्यात हीच पाहणी हजारो जन्म गोळा करते, तिथे असा आकडा पुष्कळ स्थिर असतो. आपलं राज्य लहान, म्हणून आपल्या वाट्याला नमुनाही लहान येतो आणि आकडे हेलकावे खातात. वर्तमानपत्रात मात्र दोन्ही राज्यं एकाच यादीत, एकाच टायपात छापली जातात.

ताळगांवकर (रात्री १०.४०)

म्हणजे आकडा खोटाच की. मी म्हणतो, असे तक्ते शाळेत लावूच नयेत. आकड्यांनी काय वाटेल ते सिद्ध करता येतं.

पारिजात (१ जुलै, सकाळी ७.०५)

ताळगांवकर, घाई नको. मी बार्देशात स्त्रीरोगतज्ज्ञ आहे. आकडा डळमळीत आहे म्हणून गोष्ट खोटी ठरत नाही.

शून्य_एक यांचा हिशेब मला मान्य आहे. पण तोच हिशेब जनगणनेला लावून बघा. शून्य ते सहा वयाच्या मुलांत हजार मुलग्यांमागे मुली: १९९१ ला ९६४, २००१ ला ९३८, २०११ ला ९४२. इथे नमुना नाही, घरोघरी केलेली मोजणी आहे. २०११ ला या वयाची गोव्यात दीड लाखाच्या जरा आत मुलं होती. एवढ्या मोठ्या संख्येत योगायोगाने पाच-दहाचा फरक पडेल, २६ चा पडत नाही. १९९१ ते २००१ च्या दरम्यान गोव्यात खरंच काहीतरी घडलं.

गर्भलिंगनिदानाविरुद्धचा कायदा १९९४ चा, अंमलात आला १९९६ ला. त्याच दशकात सोनोग्राफीची यंत्रं गावोगावच्या दवाखान्यांत आली. यापलीकडे कारणाबद्दल मी छातीठोकपणे बोलणार नाही. पण तपासणीच्या टेबलावर पहिली मुलगी असलेली बाई “सगळं बरं आहे ना?” असं ज्या स्वरात विचारते आणि तिची सासू माझ्या चेहऱ्याकडे जशी बघते, ते मी वर्षानुवर्षं पाहत आले आहे. तो प्रश्न तब्येतीचा नसतो. म्हणून कृपा करून ‘आकडा खोटा’ म्हणून हा विषय मिटवू नका.

आणखी एक. कोणी सुचवेल की जन्मनोंदणीचे आकडे घ्या, तिथे नमुन्याची भानगड नाही. खरं आहे, पण आपल्याकडे जन्म जिथे होतो तिथे नोंदतात, आई राहते तिथे नाही. बांबोळीला गोवा वैद्यकीय महाविद्यालयात सिंधुदुर्गातून आणि कारवारकडून बाया येतात. ती बाळं बांबोळीचीच, म्हणजे तिसवाडी तालुक्यातली, म्हणून नोंदली जातात. तालुकावार नकाशा रंगवलात तर तिसवाडी गडद दिसेल, आणि बघणारा समजेल की तिसवाडीकरांना मुलं फार होतात.

तेरेखोलपार (सकाळी ११.२०)

मुलींच्या जन्माचं बोलणं चाललंय, मी थोडं जुनं लिहिते. हा विषय माझ्या घरातला आहे.

गोव्यात हजार पुरुषांमागे बायका किती? १९५० च्या पोर्तुगीज मोजणीत ११२८. १९६०-६१ ला १०६६. १९७१ ला ९८१. त्यानंतर आकडा हजारावर कधी गेलाच नाही, २०११ ला ९७३. या आकड्यांची रेघ काढून कोणासमोर ठेवली तर तो म्हणेल, पोर्तुगीज अमदानीत बायकांना सुखाचे दिवस होते, मुक्तीनंतर त्यांच्यावर संक्रांत आली.

माझी पणजी पेडण्याची. पणजोबा गिरगावात एका दुकानात हिशेब लिहायचे. चतुर्थीला यायचे, अकरा दिवस राहायचे आणि जायचे. शेजारचे दोघे गिरणीत. पलीकडच्या ख्रिस्ती वाड्यावरचे तारवटी, म्हणजे बोटीवरचे खलाशी, कोणी आफ्रिकेत, कोणी मुंबईत धोबीतलावला आपल्या गावच्या कुडीत (गाववाल्यांच्या बिऱ्हाडात) उतरून बोटीची वाट बघत. आजी सांगायची, चतुर्थी सोडली तर वाड्यावर पुरुष म्हणजे म्हातारे आणि पोरं. मेलेल्याला खांदा द्यायला चार माणसं मिळायची नाहीत. शेत, गुरं, सावकार, पाव्हणेरावळे, सगळं पणजीच्या एकटीच्या अंगावर. मनिऑर्डर उशिरा आली की महिना कसा काढायचा हे ती आजीला शिकवून गेली.

तर त्या ११२८ मधल्या वरच्या १२८ बायका ‘जास्त’ नव्हत्या. त्यांचे पुरुष दुसऱ्या कुठल्यातरी शहराच्या मोजणीत होते.

आणि १९६१ नंतर आकडा उतरला तेव्हा बायका मेल्या नाहीत. खाणी वाढल्या, बंदर वाढलं, सरकारी कचेऱ्या आल्या, बांधकामं निघाली. सुमारे ५.९ लाखांचा गोवा १९७१ ला ७.९५ लाखांवर गेला. बाहेरून जे आले त्यात बाप्ये जास्त. एकाच आकड्याच्या चढउतारात आधी घर सोडून गेलेल्यांची गोष्ट आहे, मग घर सोडून इथे आलेल्यांची. म्हणून सुरंगीताई, एकूण लोकसंख्येचं प्रमाण आणि लहान मुलांचं प्रमाण एकाच तक्त्यावर कधीही ठेवू नका. पहिल्यात माणसांचं येणंजाणं मोजलं जातं. सहा वर्षांचं मूल एकटं मुंबईला जात नाही.

सुरंगी (दुपारी १.५०)

तेरेखोलपार, वर्गात वाचून दाखवू का हे? परवानगी असेल तरच.

तेरेखोलपार (दुपारी २.०५)

जरूर. पणजीचं नाव आनंदी होतं. तेही सांगा.

शून्य_एक (दुपारी ३.३०)

याला जोडून एक. त्याच पाचव्या पाहणीत गोव्यात हजार पुरुषांमागे बायकांचं एकूण प्रमाण १०२७ आलं आहे, जनगणनेत ९७३. लोक विचारतात, खरं कोणतं? पाहणी घराच्या दारात जाते आणि आदल्या रात्री त्या घरात झोपलेली माणसं लिहिते. वसतिगृहं, बराकी, बोटी तिच्या यादीत नसतात. जनगणना तिथेही पोचते. एकात राहती घरं मोजली, दुसऱ्यात राज्य मोजलं. दोन्ही आपापल्या जागी ठीक, एकमेकांतून वजा करायचे नाहीत.

जुना_छापखाना (सायंकाळी ६.४५)

मी एका दैनिकात बावीस वर्षं उपसंपादक होतो. असे मथळे मी स्वतः दिले आहेत, म्हणून लिहायला हवं.

गोव्यात अलीकडे वर्षाला साधारण पावणेतीनशे माणसं रस्त्यावर मरतात. समजा एका वर्षी २७५ आणि पुढच्या वर्षी २९४. मथळा तयार: ‘अपघाती मृत्यूंत सात टक्के वाढ’. पुढल्या वर्षी २८० आले की वाहतूक खात्याची पाठ थोपटायची. पण पावणेतीनशेच्या आकड्यात पंधरा-वीसची हालचाल काही न बदलताही होते. आम्ही बारा महिने त्या हालचालीच्या बातम्या केल्या. दरवर्षी पावणेतीनशे घरं उजाडतात, हे मात्र बातमी झालं नाही, कारण ते ‘नवीन’ नव्हतं. याची मला आज खंत आहे.

दुसरी गोष्ट छेदाची. गोव्यातले गुन्हे, अपघात दर लाखामागे किती, हे काढताना छेदात इथले रहिवासी असतात. ते साधारण पंधरा लाख. मग पर्यटन क्षेत्रातली मंडळी म्हणतात, २०१९ ला ८० लाख पर्यटक आले, ते धरले तर आपला दर नगण्य. हे ऐकायला बरं वाटतं, पण पर्यटक वर्षभर राहत नाही. प्रत्येकी पाच दिवस धरले तर ८० लाख गुणिले ५, भागिले ३६५, म्हणजे कोणत्याही एका दिवशी सरासरी एक लाख दहा हजार. छेद पंधराचा सोळा लाख होईल. पंच्याण्णव नाही. डिसेंबरात कळंगुटला उभं राहिलं की ऐंशी लाख खरे वाटतात, ही गोष्ट वेगळी.

आणि छेदसुद्धा अंदाजाचाच आहे. २०२१ ची जनगणना झाली नाही, ती २०२७ वर गेली. तोपर्यंत आपण सगळे २०११ च्या पायावर अंदाज रचतो आहोत. २०११ च्या तक्त्यात धारबांदोडा हा वेगळा तालुका म्हणून सापडणारसुद्धा नाही.

कुशावती_काठ (रात्री ८.१०)

व्हॉट्सॲपवर एक रंगीत गोल फिरतोय, ‘अटक झालेल्यांत परप्रांतीय किती’. आमच्या गावच्या ग्रुपवर त्यावरून भाडेकरूंना काढा म्हणून सुरू झालंय. हा कसा वाचायचा?

शून्य_एक (रात्री ८.४०)

चार प्रश्न विचारा. अटक की शिक्षा? कोणत्या गुन्ह्यात? बाहेरून आलेल्यांत वीस ते पस्तीस वयाचे पुरुष किती? त्याच वयाच्या स्थानिक पुरुषांत अटकेचं प्रमाण किती? गुन्ह्यांच्या आरोपींत सगळीकडेच तरुण पुरुष जास्त असतात, आणि कामासाठी येणाऱ्यांतही तेच जास्त. आजीआजोबांसकट सगळ्या गोव्याशी त्यांची तुलना केली तर गोल कसाही रंगवता येतो. त्या गोलात छेद दिलेलाच नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालातच लिहिलेलं असतं की पोलिसांकडे नोंद वाढली म्हणजे गुन्हे वाढले असं धरू नये. आणि एका तक्रारीत अनेक गुन्हे असले तर त्यातला सर्वांत गंभीर तेवढाच मोजला जातो. खून झाला की आधीचा बलात्कार त्या वर्षाच्या बलात्कारांच्या बेरजेत दिसत नाही.

माणसांना घराबाहेर काढण्याआधी एवढं तरी विचारलं पाहिजे.

खाणपट्टा (रात्री ९.२५)

मी डिचोलीचा. बेरोजगारीचं कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो.

केंद्राच्या श्रमबल पाहणीत २०२२-२३ ला गोव्याची बेरोजगारी ९.७ टक्के होती, पुढच्या वर्षी ८.५. देशाची दोन्ही वर्षी ३.२. कोणी म्हणतं गोवा बुडाला, कोणी म्हणतं गोंयकार आळशी. दोन्ही ऐकून रक्त तापतं.

या टक्क्याच्या छेदात सगळी माणसं नसतात, फक्त काम करणारे आणि काम शोधणारे असतात. शोधून शोधून थकला आणि घरी बसला, तो छेदातूनच गेला. ज्याच्या घरात उद्याचे तांदूळ नाहीत त्याला बेरोजगार राहणं परवडत नाही, तो मिळेल ते करतो आणि रोजगारात धरला जातो. आपल्याकडे बापाची पेन्शन असते, भाट (नारळाची बाग) असतं, म्हणून पोरगा पदवी घेऊन सरकारी जाहिरातीची वाट बघत थांबू शकतो. तो बेरोजगार म्हणून मोजला जातो.

उलटंही ऐका. माझा भाऊ खाणीवर ट्रक चालवायचा. २०१२ ला खाणी बंद, मग थोड्या सुरू, मग सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने मार्च २०१८ ला पुन्हा बंद. ट्रक कर्जात गेला. आता तो हंगामात किनाऱ्यावर शॅकमध्ये काम करतो, पावसाळ्यात घरी. वर्षातून तीस दिवस जोडकाम केलं तरी त्या पाहणीत माणूस रोजगारात बसतो. माझ्या भावाला ‘रोजगार आहे’. आईला तसं सांगून बघा.

सुरंगी (रात्री १०.००)

खाणपट्टा, वाचून गप्प झाले. भावाला नमस्कार सांगा.

म्हादयपुत्र (२ जुलै, सकाळी ९.१५)

भाषेचे आकडेही घ्या की. २०११ ला गोव्यात मराठी मातृभाषा सांगणारे १०.८९ टक्के, कोंकणी ६६.११. पण घरात कोंकणी बोलून मराठी पेपर वाचणारे आणि मराठीत भजन म्हणणारे त्यात कुठे आहेत? मातृभाषा विचारली, वाचायची भाषा विचारलीच नाही!

संपादक मंडळ (सकाळी १०.००)

मुद्दा रास्त आहे, पण या विषयाला स्वतंत्र धागा द्यावा. इथे तक्त्याबद्दलच बोलू या.

चिंचोका (सकाळी १०.५०)

प्राथमिक शिक्षिका, काणकोण. टक्केवारी, पट्टा वगैरे आमच्या पालकांना सांगून पोचत नाही, हाताने करून पोचतं. एका मडक्यात शंभर चिंचोके आणि शंभर काजूच्या बिया घाला. डोळे मिटून वीस काढायला सांगा. कोणाचे सात चिंचोके येतात, कोणाचे तेरा. मडकं तेच. मग वीसऐवजी शंभर काढायला लावा, टक्क्यांतला फरक आपोआप कमी होतो. लहान नमुना म्हणजे काय ते आजीलाही कळतं.

आणि स्तंभ नकोत, ठिपके काढा. एका जन्माला एक ठिपका, मुलीचा वेगळ्या रंगात. चारशे ठिपक्यांत १३ चा फरक दिसतोच किती ते मुलांना स्वतः शोधू द्या.

सांकवाळचो (दुपारी १२.३०)

चिंचोका यांना अनुमोदन. गोव्यात कोसबेनला जन्मलेले गणितज्ञ आणि इतिहासकार दामोदर धर्मानंद कोसंबी जुनी नाणी एकेक करून तोलत. हातोहात फिरलेल्या नाण्यांचं सरासरी वजन झिजून उतरतं आणि त्याच वेळी नाण्यानाण्यातला फरक वाढत जातो, हे त्यांनी दाखवलं. सरासरीबरोबर विखुरण्याकडे बघायची सवय गोव्याच्याच माणसाने लावून दिली आहे. तक्त्यात नकाशा घालणार असाल तर मात्र सांभाळा: सत्तरी क्षेत्रफळाने मुरगावच्या चौपटीहून मोठी, माणसं २०११ ला जेमतेम चौसष्ट हजार, मुरगावात दीड लाख. रंगवलेला नकाशा डोळ्यांना जंगल दाखवतो, माणसं नाही.

सुरंगी (७ जुलै, रात्री ९.४०)

काल तक्ता पुन्हा लावला. मुलींनीच काढला. वरती १९९१, २००१, २०११ चे तीन ठळक बिंदू, शेजारी निसर्गाच्या ९५० ची रेघ. खाली चारशे ठिपके आणि त्यावर ६९० ते १०२० चा फिकट पट्टा. कोपऱ्यात लिहिलं: कोणी मोजलं, केव्हा, किती जणांना विचारलं. पाळणा काढून टाकला. त्यावरून गटात वाद झाला, एक मुलगी रडली. तिचं म्हणणं, पाळणा काढला तर कोणी थांबून बघणारच नाही. तिचंही मला पटत होतं.

त्या बाईंना निरोप पाठवून बोलावलं होतं. त्यांनी मडक्यात हात घातला, वीसात आठ चिंचोके आले. पुन्हा काढले, अकरा. मग बिंदूंसमोर जाऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, “म्हळ्यार आमच्या गांवाचें तुमकां खबर ना.” (म्हणजे आमच्या गावाचं तुम्हाला माहीत नाही.)

मी म्हटलं, “ना. पूण एकाण्णव उपरांत गोंयांत कितें तरी जालां, तें खबर आसा.” (नाही. पण एक्याण्णवनंतर गोव्यात काहीतरी घडलंय, ते माहीत आहे.)

त्यांना तेवढ्यावर थांबायचं नव्हतं. पंचायतीत जन्माची वही असते, ती बघायला मिळेल का, असं त्यांनीच विचारलं. आता त्या, मी आणि गटातल्या चौघी सोमवारी सचिवांना भेटणार आहोत. काय उतरवून घेऊ?

शून्य_एक (रात्री १०.२०)

एका पंचायतीत वर्षाला वीसेक जन्म असतील. त्यामुळे दरवर्षाचं प्रमाण काढू नका, ते मडक्यातल्या मुठीसारखंच हलेल. शेजारच्या पंचायतींशीही बोला, दहा-पंधरा वर्षं एकत्र धरा. नावं अजिबात उतरवू नका, फक्त वर्ष आणि मुलगा की मुलगी. बाळंतपण इस्पितळात झालं असेल तर नोंद गावात नसणार, हे पारिजात यांनी लिहिलंच आहे, म्हणून अंगणवाडीची यादीही मागा.

पारिजात (रात्री १०.४५)

आणि कितवं अपत्य ते जरूर लिहा. पहिल्या खेपेला सहसा काही दिसत नाही. पहिली मुलगी असलेल्या घरांतलं दुसरं, दोन मुली असलेल्या घरांतलं तिसरं, एवढे दोन रकाने वेगळे ठेवा. काही दडलं असेल तर तिथेच असेल. सोमवारी मला दुपारनंतर मोकळीक आहे. चालणार असेल तर मीही येते.